लिनक्स प्रणाली आणि खाजगी मालकीचे प्लगइन : स्थापना, मर्यादा आणि बोध

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळा असो, ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा तहसील कचेरी असो, संगणकावाचून आता कोणाचेच पान हलत नाही. अर्ज भरणे, दाखले काढणे, पाठाची चित्रफीत दाखविणे ही सारी कामे ब्राउझर नावाच्या एकाच खिडकीतून होतात. या खिडकीत अनेक वर्षे एक सूचना वारंवार झळकत असे : “हा मजकूर पाहण्यासाठी प्लगइन आवश्यक आहे.” विंडोज प्रणालीचा संगणक असेल तर दोनचार वेळा कळ दाबून ही अडचण दूर होई. लिनक्स प्रणाली वापरणाऱ्याला मात्र त्या एका ओळीपायी कधी तासभर, तर कधी दिवसभर खर्ची घालावा लागे.

वरकरणी ही बाब तांत्रिक आणि किरकोळ वाटते. वस्तुतः तिच्या पोटात एक सार्वजनिक प्रश्न दडलेला आहे. लोकांच्या पैशाने उभारलेली सेवा एखाद्या खाजगी कंपनीच्या बंद आज्ञावलीवर अवलंबून ठेवावी काय, आणि ठेवल्यास त्या कंपनीने आपले धोरण बदलल्यावर नागरिकांनी काय करावे, असा तो प्रश्न आहे. ‘फ्लॅश प्लेअर’ या प्लगइनच्या इतिहासाने त्याचे उत्तर पुरेशा स्पष्टपणे दिलेले आहे.

खुली प्रणाली म्हणजे काय?

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली वापरण्याची, तिचा मूळ मजकूर अभ्यासण्याची, तीत फेरबदल करण्याची आणि ती दुसऱ्यास देण्याची मुभा प्रत्येकास असावी, हे या प्रकल्पाचे सूत्र होते. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहिला. या दोन्ही प्रयत्नांच्या संगमातून जी प्रणाली उभी राहिली, ती आज सर्वसाधारणपणे लिनक्स या नावाने ओळखली जाते.

लिनक्स कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. निरनिराळे गट गाभा, ब्राउझर, लेखनाची साधने इत्यादी एकत्र करून ती वापरण्याजोगी बनवितात व लोकांना उपलब्ध करून देतात. अशा संचास वितरण असे म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन, २००३ सालचे फेडोरा व २००४ सालचे उबुंटू ही त्यांपैकी प्रसिद्ध वितरणे होत. आपल्या देशात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकने, ‘बॉस’ नावाचे वितरण डेबियनच्या आधारावर तयार केले. त्यात भारतीय भाषांची सोय आहे. केरळ राज्याने तर शाळांतील संगणक शिक्षणासाठी लिनक्सचा फार मोठ्या प्रमाणावर अवलंब केला.

प्लगइनचे स्थान

ब्राउझर हा मुळात मजकूर व चित्रे दाखविणारा कार्यक्रम होता. ध्वनी, चलच्चित्र वा हलती आकृती दाखविण्याची शक्ती त्याच्या अंगी नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यास आपल्या ब्राउझरमध्ये एक जोडणी ठेवली. इतरांनी तयार केलेली छोटी आज्ञावली या जोडणीत बसविता येई. हेच प्लगइन होय.

ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांची जोडणी असते. ठराविक मापाची असल्यामुळे तीवर नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र यांपैकी कोणतेही अवजार बसते. प्लगइनची व्यवस्था अशीच होती. फरक एवढाच की, नांगराचा फाळ झिजला तर गावातील लोहार तो शेवटू शकतो. परंतु खाजगी मालकीच्या प्लगइनचे पोट मोहोरबंद असते. त्याचा मूळ मजकूर प्रसिद्ध होत नाही. त्यात दोष निघाल्यास तो दुरुस्त करण्याचा अधिकार आणि क्षमता केवळ उत्पादकाकडेच राहते.

फ्लॅशचा उदय

‘फ्यूचरस्प्लॅश’ नावाचे हलत्या चित्रांचे एक साधन १९९६ साली मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेतले आणि त्याचे नाव ‘फ्लॅश’ असे ठेवले. २००५ साली अडोबी कंपनीने मॅक्रोमीडियाच खरेदी केली. याच वर्षी सुरू झालेल्या यूट्यूबने चित्रफिती दाखविण्यासाठी फ्लॅशचा वापर केला. पुढील काही वर्षांत शैक्षणिक खेळ, विज्ञानाच्या प्रयोगांची चलच्चित्रे, जाहिराती, इतकेच नव्हे तर सरकारी अर्जांचे नमुनेदेखील फ्लॅशमध्ये तयार होऊ लागले.

लिनक्सकडे मात्र उत्पादकाचे लक्ष उशिरा जाई. फ्लॅशची सातवी आवृत्ती लिनक्ससाठी निघाली. आठवी निघालीच नाही. नववी आवृत्ती लिनक्ससाठी २००७ सालच्या जानेवारीत आली. २००८ साली दहावी आवृत्ती तिन्ही प्रमुख प्रणालींसाठी एकाच वेळी प्रसिद्ध झाली, तेव्हा लिनक्सच्या वापरकर्त्यांना प्रथमच बरोबरीची वागणूक मिळाल्यासारखे वाटले.

वितरणांपुढील पेच

वितरणे तयार करणाऱ्या गटांनी फ्लॅश आपल्या संचातच का समाविष्ट केले नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. याचे पहिले कारण परवान्याचे. फ्लॅश विनामूल्य मिळत असले तरी ते इतरांना वाटण्याची सरसकट परवानगी परवान्यात नव्हती. येथे विनामूल्य आणि मुक्त या दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. फुकट मिळालेली वस्तू मुक्त असतेच असे नाही.

दुसरे कारण तत्त्वाचे. डेबियनने १९९७ साली आपली सामाजिक सनद प्रसिद्ध केली आणि मुख्य संचात केवळ मुक्त आज्ञावल्याच ठेवण्याचे वचन वापरकर्त्यांना दिले. त्यामुळे फ्लॅशसाठी डेबियनने एक मधला मार्ग काढला. मुख्य संचाबाहेरील विभागात एक छोटे पुडके ठेवण्यात आले. या पुडक्यात फ्लॅश नव्हते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून फ्लॅश उतरवून घेऊन योग्य जागी बसविण्याच्या सूचना तेवढ्या होत्या. उबुंटूनेही अशाच स्वरूपाचे पुडके आपल्या ‘मल्टिव्हर्स’ या विभागात ठेवले. फेडोराने ते आपल्या भांडारात घेतले नाही. तेथे अडोबीचे स्वतंत्र भांडार जोडून घ्यावे लागे.

स्थापनेची रीत

त्या काळी हे प्लगइन लिनक्सवर बसविण्याची रीत कशी होती, हे समजून घेणे आजही उपयुक्त आहे. कारण कोणतीही बाहेरची आज्ञावली बसविताना हीच शिस्त पाळावी लागते.

पहिली पायरी संगणकाची जात ओळखण्याची. प्रणाली ३२ बिटांची आहे की ६४ बिटांची, हे एका साध्या आदेशाने कळते. दुसरी पायरी उगमाची. आपल्या वितरणाच्या अधिकृत भांडारात पुडके असल्यास तेच घ्यावयाचे. नसल्यास उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावयाचे; अन्य कोठूनही नव्हे. तिसऱ्या पायरीत ब्राउझर पूर्णपणे बंद करावयाचा. चौथ्या पायरीत उतरवून घेतलेले गाठोडे उलगडावयाचे. त्यात ‘लिबफ्लॅशप्लेअर’ या नावाची फाइल असे. हेच खरे प्लगइन.

पाचवी पायरी महत्त्वाची. ही फाइल दोन ठिकाणी ठेवता येई. केवळ एका व्यक्तीपुरती सोय हवी असल्यास त्या व्यक्तीच्या खात्यात ‘मोझिला’ नावाचा जो लपलेला फोल्डर असतो, त्यातील ‘प्लगइन्स’ या फोल्डरात ती ठेवली की काम भागे. त्यासाठी कोणत्याही विशेष अधिकाराची गरज नसे. संगणकावरील सर्वांसाठी सोय करावयाची असल्यास ती प्रणालीच्या सामाईक फोल्डरात ठेवावी लागे आणि त्यासाठी ‘रूट’ म्हणजे मुख्य प्रशासकाचा अधिकार लागे. शाळेच्या प्रयोगशाळेत वा कार्यालयात हा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा, हा लिनक्सच्या रचनेतील विचार कार्यालयीन शिस्तीला धरूनच आहे. कपाटाची किल्ली सर्वांच्या हाती देत नाहीत.

सहावी पायरी पडताळणीची. ब्राउझर पुन्हा उघडून पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्लगइन्स’ असे लिहिले की बसविलेल्या प्लगइनांची यादी आवृत्तीसह दिसे. जुनी व नवी अशा दोन प्रती संगणकात राहून गेल्या असतील तर ब्राउझर कोणती उचलेल याचा भरवसा नसे; म्हणून जुनी प्रत आधी काढून टाकणे श्रेयस्कर ठरे.

या साऱ्यात एक फरक नीट पाहण्यासारखा आहे. वितरणाच्या भांडारातील पुडके व्यवस्थापकामार्फत बसविले तर त्याची नोंद प्रणालीच्या दप्तरी होते, त्याची अद्ययावत आवृत्ती आपोआप येते आणि ते काढून टाकणेही सोपे जाते. हाताने ठेवलेल्या फाइलीची अशी नोंद कोठेही होत नाही. ज्याने ती ठेवली तो कर्मचारी बदलून गेला की पुढे वर्षानुवर्षे ती जुनीच फाइल तेथे पडून राहते. नोंदवहीत न चढविलेल्या सामानासारखाच हा प्रकार होय.

३२ आणि ६४ यांचा झगडा

लिनक्सच्या वितरणांनी ६४ बिटांच्या आवृत्त्या लवकर उपलब्ध करून दिल्या. सर्व आज्ञावल्यांचा मूळ मजकूर हाती असल्यामुळे त्या नव्या यंत्रांसाठी पुन्हा तयार करून घेता येत होत्या. फ्लॅश मात्र केवळ ३२ बिटांचेच मिळे आणि ६४ बिटांचा ब्राउझर ते आपल्या पोटात घेऊ शकत नसे. मूळ मजकूर बंद असल्यामुळे बाहेरच्या कोणालाही ते नव्याने तयार करता येत नव्हते. अखेर काही विकासकांनी ‘एनएसप्लगइनरॅपर’ नावाची दुभाषी आज्ञावली लिहिली. ती ३२ बिटांचे प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालवी आणि त्याचे म्हणणे ६४ बिटांच्या ब्राउझरपर्यंत पोहोचवी. उपाय कल्पक होता, परंतु तो कोलमडण्याचे प्रसंगही वारंवार येत.

२००८ सालच्या नोव्हेंबरमध्ये अडोबीने ६४ बिटांची प्रायोगिक आवृत्ती प्रथम लिनक्ससाठीच दिली. २०१० सालच्या जूनमध्ये ती मागे घेण्यात आली. त्याच सुमारास फ्लॅशमधील एका गंभीर दोषावर इतर आवृत्त्यांसाठी दुरुस्ती निघाली होती. ६४ बिटांच्या लिनक्स वापरकर्त्यांना मात्र नवी प्रायोगिक आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, थांबावे लागले. ६४ बिटांची अधिकृत आवृत्ती २०११ साली अकराव्या आवृत्तीसमवेत आली. दोष ठाऊक आहे, दुरुस्त करण्यास माणसे तयार आहेत, परंतु पेटी उघडण्याची परवानगी नाही, अशी ही अवस्था होती.

मुक्त पर्याय तयार करण्याचे प्रयत्नही झाले. ग्नू प्रकल्पाचे ‘नॅश’ आणि त्याखेरीज ‘लाइटस्पार्क’ यांनी फ्लॅशची जागा घेण्याचा प्रयत्न केला. साध्या चलच्चित्रांपुरते ते उपयोगी पडत. परंतु फ्लॅशच्या नव्या आवृत्त्यांतील सर्व करामती त्यांना पूर्णपणे साधल्या नाहीत.

उत्पादकाचा निर्णय आणि त्याचे परिणाम

२०१२ सालच्या फेब्रुवारीत अडोबीने जाहीर केले की, लिनक्ससाठी ११.२ ही स्वतंत्र प्लगइनची शेवटची आवृत्ती राहील. तिला पाच वर्षे केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील आणि पुढील आवृत्त्या लिनक्सवर फक्त गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये, ‘पेपर’ नावाच्या नव्या जोडणीमार्फतच चालतील. फायरफॉक्स वापरणाऱ्या लिनक्सधारकांसाठी काळ जणू तेथेच थांबला. इतर प्रणालींवर आवृत्त्यांचे आकडे विशीच्या पुढे गेले, तरी येथे ११.२ हाच आकडा कायम राहिला. २०१६ साली कंपनीने हा निर्णय फिरविला आणि डिसेंबरमध्ये लिनक्ससाठी चोविसावी आवृत्ती दिली. तिच्यातही त्रिमितीय चित्रांचा वेग आणि संरक्षित चित्रपटांची सोय या गोष्टी पूर्णपणे नव्हत्या.

कंपनीला आपल्या मालाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार होता, याविषयी दुमत नाही. प्रश्न त्या संस्थांचा आहे, ज्यांनी आपले सार्वजनिक काम त्या मालावर उभे केले होते.

फ्लॅशचा अस्त

फ्लॅशमध्ये सुरक्षेचे दोष वारंवार निघत. एखाद्या संकेतस्थळास नुसती भेट दिल्यानेदेखील संगणक परक्याच्या ताब्यात जाण्याचा धोका त्यांतील काही दोषांमुळे निर्माण होई. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० साली जाहीर निवेदन काढून आयफोनमध्ये फ्लॅशला स्थान नाकारण्याची कारणे मांडली. दुसरीकडे चित्र व ध्वनी प्लगइनशिवाय दाखविण्याची सोय ‘एचटीएमएल ५’ या खुल्या मानकात करण्यात आली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०१४ सालच्या ऑक्टोबरमध्ये या मानकास अंतिम मान्यता दिली. २०१५ सालच्या जानेवारीत यूट्यूबनेही हेच मानक मूळ पद्धती म्हणून स्वीकारले.

जुनी प्लगइन जोडणी क्रोमने २०१५ साली बंद केली. फायरफॉक्सने २०१७ साली फ्लॅशचा अपवाद सोडून इतर सर्व प्लगइनांना निरोप दिला. २०१७ सालच्या जुलैमध्ये अडोबीने फ्लॅश बंद करण्याची तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द फ्लॅश प्लेअरनेच फ्लॅशचा मजकूर चालविणे बंद केले. त्याच महिन्यात क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांच्या नव्या आवृत्त्यांतून फ्लॅशचा आधार काढून टाकण्यात आला.

सार्वजनिक संस्थांना बसलेली झळ

साडेतीन वर्षांची पूर्वसूचना असूनही काही संस्थांची तयारी अपुरी राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही करविषयक नमुने फ्लॅशमध्ये होते. फ्लॅश बंद झाल्यावर त्या खात्यास २०२१ सालच्या जानेवारीत ते नमुने भरण्यापुरता स्वतंत्र ब्राउझर नागरिकांना द्यावा लागला आणि तोही केवळ विंडोज प्रणालीसाठी होता. लिनक्स वापरणाऱ्या करदात्याची सोय त्यात नव्हती.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून जुने आहे. तेथे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून बँक व्यवहारांसाठी व सरकारी कामांसाठी ‘ॲक्टिव्हएक्स’ या विंडोजपुरत्या मर्यादित प्लगइनचा आधार घेण्यात आला. त्यामुळे अन्य प्रणाली वापरणारे नागरिक अनेक वर्षे या सेवांबाहेर राहिले. तेथील अधिकृत प्रमाणपत्राची जुनी पद्धती मोडीत निघण्यास २०२० सालचा डिसेंबर उजाडला. कर भरणे, दाखला मिळविणे या नागरिकाच्या हक्काच्या व कर्तव्याच्या बाबी आहेत. त्या पार पाडण्यासाठी अमुक एका कंपनीचीच वस्तू वापरा, असे सांगणे लोकशाही प्रशासनास शोभणारे नाही.

भारत सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावल्यांच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, त्यामागे हीच दृष्टी आहे.

आजची परिस्थिती

आज फ्लॅश बसविण्याचा प्रश्नच उरलेला नाही. तरीही “चित्रफीत पाहण्यासाठी फ्लॅश उतरवून घ्या” अशी सूचना पडद्यावर दिसल्यास ती फसवणूक आहे असे निःशंकपणे समजावे. बंद पडलेल्या मालाच्या नावाने संगणकात घातक आज्ञावल्या घुसविण्याचा तो डाव असतो. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

तथापि बंद आज्ञावलीचा प्रश्न संपूर्णपणे मिटला आहे, असे मात्र नाही. प्रतिबंधित चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या सशुल्क सेवा ‘वाइडव्हाइन’ नावाच्या आज्ञावलीची मागणी करतात. ही गुगलच्या मालकीची आहे आणि तिचाही मूळ मजकूर प्रसिद्ध नाही. क्रोममध्ये ती आधीच अंतर्भूत असते. लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये २०१६ सालापासून तिची सोय आहे. सेटिंग्जमध्ये संरक्षित मजकूर चालविण्यास संमती दिली की ब्राउझर ती स्वतः उतरवून घेतो आणि तिला कोंडलेल्या कप्प्यात चालवितो, जेणेकरून संगणकातील इतर कागदपत्रांना तिचा हात लागू नये. संमती काढून घेतली की ती बंद होते. अशा आज्ञावल्यांना ब्राउझरशी जोडणाऱ्या मानकास २०१७ साली मान्यता मिळाली, तेव्हा त्यावर तीव्र वाद झाले आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियममधून बाहेर पडली.

शाळा व पंचायत कार्यालयांना नित्याच्या कामासाठी वाइडव्हाइनची गरज भासू नये. पाठ्यविषयक चित्रफिती, अर्ज, नकाशे यांना कोणत्याही मोहोरबंद पेटीची आवश्यकता नाही. तशी आवश्यकता कोणी दाखवू लागल्यास तिचे कारण लेखी विचारावे.

शाळेतील जुने साहित्य

अनेक शाळांकडे फ्लॅशमध्ये तयार केलेल्या शैक्षणिक चकत्या वा फाइली आजही पडून असतील. त्या फेकून देण्याची घाई करू नये, तसेच त्यांच्यापायी जुने फ्लॅश प्लेअर शोधीतही फिरू नये. ‘रफल’ नावाचा मुक्त कार्यक्रम फ्लॅशच्या बऱ्याच जुन्या फाइली सुरक्षितपणे चालवू शकतो आणि तो लिनक्सवरही चालतो. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने २०२० सालच्या नोव्हेंबरपासून याच साधनाच्या साहाय्याने जुनी फ्लॅश चित्रे व खेळ जतन करून लोकांपुढे ठेवले. सर्वच फाइली रफलवर चालतील असे नाही. म्हणून प्रत्येक फाइल तपासून, चालणाऱ्या व न चालणाऱ्या अशी यादी करावी.

विज्ञान व गणिताच्या शिक्षकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाचा दाखला उद्बोधक ठरेल. या प्रकल्पाची पूर्वीची अनेक प्रयोगचित्रे फ्लॅश व जावा यांवर आधारलेली होती. प्रकल्पाने त्यांपैकी बहुसंख्य उपयुक्त प्रयोग एचटीएमएल ५मध्ये नव्याने तयार केले. ते लिनक्ससह कोणत्याही प्रणालीवर, कोणत्याही प्लगइनशिवाय चालतात आणि त्यांतील कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातून लिनक्स शिकविणारे ध्वनिचित्र पाठ मराठीतही मिळतात. त्यांचा लाभ शाळांनी अवश्य घ्यावा.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

संगणकीय सेवा वा साहित्य घेताना पंचायत सदस्य, मुख्याध्यापक व अधिकारी यांनी पुरवठादारास पाच प्रश्न विचारावेत. त्यांसाठी तांत्रिक पांडित्याची गरज नाही.

पहिला प्रश्न : ही सेवा कोणत्याही प्रणालीवरील साध्या ब्राउझरमध्ये, काहीही अधिक न बसविता चालते काय? दुसरा : अधिक काही बसवावे लागत असल्यास ते कोणाच्या मालकीचे आहे आणि ते इतरांना देण्याची परवानगी आहे काय? तिसरा : मालकाने ते बंद केल्यास आपली माहिती दुसरीकडे नेता येईल अशा खुल्या स्वरूपात मिळेल काय? चौथा : सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण देणार आणि किती काळ देणार? पाचवा : आपल्या कार्यालयातील कोणत्या संगणकावर काय बसविले आहे, याची नोंदवही आहे काय आणि ती कोणाच्या ताब्यात आहे?

या प्रश्नांची उत्तरे करारनाम्यात लेखी असावीत. तोंडी आश्वासन देणारा प्रतिनिधी उद्या त्या जागी असेलच असे नाही. ज्या संस्थांनी असे प्रश्न वेळीच विचारले, त्यांना २०२१ सालचा जानेवारी इतर कोणत्याही महिन्यासारखाच गेला असेल. ज्यांनी विचारले नाहीत, त्यांच्या नागरिकांना रांगेत पुन्हा उभे राहावे लागले.

खाजगी उद्योगांनी तयार केलेली प्रत्येक वस्तू त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. फ्लॅशने एका पिढीला चलच्चित्रांची गोडी लावली, अनेक शिक्षकांना आपला पाठ जिवंत करण्याचे साधन दिले, हे मान्यच करावयास हवे. वस्तूचा उपयोग करणे निराळे आणि सार्वजनिक कामाचा पाया तिच्यावर घालणे निराळे. उपयोग सोडता येतो. पाया सहजासहजी हलविता येत नाही.

गावची विहीर खोदताना ती कोणाच्या वतनात जाणार नाही, सर्वांना पाणी भरता येईल, याची काळजी जाणती माणसे घेतात. सातबाराचा उतारा, जन्माची नोंद, शाळेचा पाठ ही आजच्या काळातील तशीच सामाईक संपत्ती आहे. ती ज्या खिडकीतून लोकांपर्यंत पोहोचते, त्या खिडकीला कोणाचे कुलूप नसावे आणि असलेच तर त्याची किल्ली आपल्या हाती असावी, याची दक्षता शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी आपापल्या ठिकाणी घेतली, तर पुढचे एखादे प्लगइन बंद पडले तरी गावच्या माणसाचे काम अडणार नाही.